एकट्याने एका दिवसात राइनफाल: जर्मनीत शिकणाऱ्यांसाठी, घरातून निघण्यापासून परत येईपर्यंत

राइन नदीवरच्या राइनफाल या धबधब्याला जाऊन आलेल्या मुलामुलींच्या फजितीच्या गोष्टी ऐकल्या, तर त्यात धबधब्याचा काही दोष नसतो. कोणी भलत्याच स्टेशनवर उतरलेलं असतं, कोणाला महिनाअखेरीस फोनचं बिल बघून घाम फुटलेला असतो, कोणाला परतीच्या गाडीत पोलिसांनी पासपोर्ट मागितला आणि तो खोलीतल्या ड्रॉवरमध्ये होता.

या सगळ्याचं मूळ एकच. तुम्ही जर्मनीतल्या साध्या प्रादेशिक गाडीत, रोजच्याच तिकिटावर बसता आणि ती गाडी न थांबता, न सांगता स्वित्झर्लंडमध्ये शिरते. ना फाटक, ना शिक्का. पण त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे फोनचं नेटवर्क, चलन, भिंतीतला सॉकेट आणि तिकिटाची हद्द, सगळं बदललेलं असतं. बदलत नाही ते फक्त घड्याळ. म्हणून या सहलीची तयारी धबधब्याची नाही, त्या रेषेची करायची.

## टप्पा 1: आपल्या गावाहून एका दिवसात जमतं का, ते आधी बघा

धबधबा स्वित्झर्लंडमध्ये नॉयहाउझेन या गावाला लागून आहे. जवळचं मोठं स्टेशन शाफहाउझेन. जर्मनीतून तिथे शिरायला दोन दारं आहेत: पूर्वेकडून झिंगेन आणि पश्चिमेकडून बाझेल.

कोन्स्टान्झ, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन, स्टुटगार्ट, उल्म इथल्यांनी बिनधास्त जावं. कार्ल्सरूहवरून ब्लॅक फॉरेस्टमधून झिंगेनपर्यंत सरळ प्रादेशिक गाडी आहे, पण जातानाच तीन-साडेतीन तास मोडतात. पहाटे उठणार असाल तर जमेल. म्युनिक, फ्रँकफुर्ट किंवा त्याहून लांबच्यांनी प्रादेशिक गाड्यांनी एका दिवसाचा हट्ट धरू नये. दहा तास गाडीत आणि दीड तास पाण्यापाशी, असा हिशेब होतो. कोन्स्टान्झला एक रात्र काढा आणि मग जा.

आता महिना कोणता. राइनला पाणी आल्प्समधल्या बर्फाचं. ते वितळून जून-जुलैत नदी सगळ्यात जास्त भरते. उन्हाळ्यात सरासरी सेकंदाला 600 घनमीटरच्या आसपास पाणी पडतं, हिवाळ्यात 250च्या आसपास. बोटी एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. म्हणजे बोट आणि पाणी दोन्ही हवं असेल तर मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचा काळ धरा. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस घ्या. रविवारी गाड्या सायकलवाल्यांनी भरलेल्या असतात आणि दोन्ही देशांत दुकानं बंद असतात.

एक अपेक्षा आत्ताच नीट करून ठेवा. धबधबा 23 मीटर उंच आहे, रुंदी 150 मीटर. आकाशातून कोसळणारी धार बघायची म्हणून जाणारे हिरमुसतात. इथे बघायची असते ती आडवी, अख्खीच्या अख्खी पडणारी नदी, आणि तीही हाताच्या अंतरावरून.

सावधान: 31 जुलैला संध्याकाळी इथे मोठी आतषबाजी होत आली आहे आणि 1 ऑगस्टला स्विस राष्ट्रीय सुट्टी. गर्दी हवी असेल तरच हा दिवस निवडा. एकटे असाल आणि रात्रीची जोडगाडी धरायची असेल तर मी नकोच म्हणेन.

## टप्पा 2: कागद, एक आठवडा आधी

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. जर्मनीचा वैध रेसिडेन्स परमिट किंवा वैध नॅशनल डी व्हिसा असेल तर वेगळा स्विस व्हिसा लागत नाही. पण ‘व्हिसा लागत नाही’ म्हणजे ‘कागद लागत नाहीत’ असं नाही. मुलं गल्लत करतात ती नेमकी इथे.

बरोबर हवेत:

1. पासपोर्ट, मूळ. फोनमधला फोटो चालत नाही.
2. रेसिडेन्स परमिटचं कार्ड, मूळ. नवे असाल तर डी व्हिसा पासपोर्टमध्येच असतो.
3. आरोग्य विम्याचं कार्ड. सरकारी विमा असेल तर त्याच कार्डाची मागची बाजू युरोपियन कार्ड असते, पण स्वित्झर्लंडमध्ये ती सर्वसाधारणपणे युरोपियन नागरिकांनाच चालते; भारतीय पासपोर्ट असेल तर आधी विमा कंपनीला विचारा. खासगी विमा असेल तर त्यात स्वित्झर्लंड आहे का, हे पॉलिसी उघडून वाचा.
4. विद्यार्थी ओळखपत्र. सवलत मिळो न मिळो, विचारायला काय जातं.

जर्मन पोलीस स्विस सीमेवर 2023च्या ऑक्टोबरपासून तपासणी करतात. परतीच्या वाटेवर झिंगेनच्या आधी डब्यात दोघं-तिघं शिरतात, शांतपणे पासपोर्ट मागतात, बघतात, परत देतात. अर्ध्या मिनिटाचं काम. कागद नसतील तर मात्र ते अर्ध्या मिनिटात आटोपत नाही.

तपासा: परमिटची तारीख संपलीय आणि हातात फिक्शन्सबेशायनिगुंगचा (नवं परमिट येईपर्यंतच्या तात्पुरत्या दाखल्याचा) कागद आहे, अशी स्थिती असेल तर थांबा. त्या कागदावर वेगवेगळ्या कलमांच्या चौकटी असतात आणि सगळ्याच चौकटी देशाबाहेर जाऊन परत यायची मुभा देत नाहीत. आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परमिट देणाऱ्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, मेल टाका, लेखी उत्तर घ्या, मगच तिकडचा विचार करा. ‘माझा मित्र तसाच जाऊन आला’ याला उत्तर म्हणत नाहीत.

## टप्पा 3: फोन, पैसे आणि चार्जर, आदल्या रात्री

हा टप्पा लोक सर्रास वगळतात, कारण यातलं काही परदेश वाटत नाही. आणि नेमका हाच महागात पडतो.

रोमिंग. ‘युरोपभर फ्री’ म्हणतात ते युरोपियन युनियनपुरतं असतं आणि स्वित्झर्लंड त्यात नाही. काही कंपन्या आपल्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड धरतात, पुष्कळशा धरत नाहीत. प्लॅनच्या कागदात ‘श्वाइझ’ (Schweiz, म्हणजे स्वित्झर्लंड) हा शब्द शोधा. दिसला नाही तर डेटा रोमिंग बंद. आणखी एक गंमत: सीमेजवळ फोन जर्मन जमिनीवर असतानाही स्विस टॉवर पकडतो. त्यामुळे ‘स्टेशन आलं की बंद करतो’ असं म्हणू नका. झिंगेनकडून येत असाल तर झिंगेनलाच बंद करा. बाझेलकडून येणाऱ्यांची गाडी सीमेच्या आतबाहेर करते, त्यांनी बाझेल यायच्या आधीच बंद करावं.

त्यासाठी आदल्या रात्री शाफहाउझेन आणि नॉयहाउझेनचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. परतीच्या तीन गाड्यांच्या वेळा, फलाट क्रमांकासह, कागदावर लिहा. हो, कागदावर. फोन बंद पडला तर त्याचा स्क्रीनशॉटही बंदच असतो.

पैसे. फ्रँक चालतो, कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. युरोच्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत देतात आणि दर त्यांचा. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड बरोबर घ्या. निव्वळ गिरोकार्ड (जर्मन बँकांचं स्थानिक डेबिट कार्ड) सीमेपलीकडे दगा देऊ शकतं. कार्ड लावल्यावर मशीन विचारतं, ‘युरोत देणार की फ्रँकमध्ये?’ दर वेळी फ्रँक निवडा. युरो निवडलात की दर मशीनवाला ठरवतो आणि तो तुमच्या बाजूने कधीच नसतो.

चार्जर. याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. माझ्या पहिल्या फेरीत परतीची गाडी रद्द झाली. शाफहाउझेनला बाकावर बसलो, फोन सहा टक्क्यांवर, तिकीट फोनमध्ये. भिंतीत सॉकेट दिसला, हायसं वाटलं. चार्जर लावायला गेलो तर आतच जाईना. स्विस सॉकेट हा भिंतीत खोल गेलेला लहानसा षटकोन असतो, आत तीन भोकं. आपला जर्मनीतला जाडा गोल शुको प्लग त्या षटकोनात मावतच नाही. पातळ, चपटा, दोन पिनांचा प्लग मात्र व्यवस्थित बसतो. मी तो जाडा चार्जर तीनदा फिरवून फिरवून दाबून बघितला, जणू चौथ्या वेळी भिंत ऐकणार होती. शेवटी किऑस्कमधल्या बाईंनी काउंटरमागच्या त्यांच्या केबलला फोन लावून दिला आणि चौदा टक्क्यांवर मी घरी निघालो.

तेव्हा चपटा चार्जर घ्या, किंवा भरलेली पॉवर बँक. खरं तर दोन्ही.

पाठीवरच्या पिशवीत: पातळ रेनकोट (छत्री नको, तुषार खालून-बाजूने येतात), पकड असलेले बूट, एक कोरडा टीशर्ट, फोनसाठी झिपची प्लास्टिक पिशवी, डबा आणि रिकामी पाण्याची बाटली. स्विस गावांतल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. नसेल तर तिथे ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असते. बाटली विकत घेऊ नका.

## टप्पा 4: तिकीट आणि स्टेशनांची नावं

डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांना चालणारं आपलं महिन्याचं डी-तिकीट, शाफहाउझेन स्टेशनपर्यंत चालतं. स्टेशनातून बाहेर पडलात की संपलं. शहरातली बस, झुरिचकडे जाणाऱ्या स्विस लोकल, बोट, या सगळ्याला वेगळे पैसे.

जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त डी-तिकीट चालणाऱ्या गाड्या दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा आणि शेवटचं ठिकाण म्हणून ‘शाफहाउझेन’ टाका. ‘राइनफाल’ टाकू नका. ते टाकलंत की ॲप स्विस लोकलने जाणारा रस्ता सुचवतं आणि तुम्ही नकळत विनातिकीट बसता. स्विस गाड्यांत टीसीकडून तिकीट विकत मिळेल या भरवशावर चढायचं नसतं. सापडलात तर दंडच.

आता नावं. हा भाग सावकाश वाचा.

नॉयहाउझेन नावाची तीन स्टेशनं त्याच गावात आहेत: नुसतं ‘नॉयहाउझेन’, ‘नॉयहाउझेन राइनफाल’ आणि ‘नॉयहाउझेन बाडिशर बानहोफ’. पहिली दोन स्विस मार्गांवर, तिसरं जर्मन मार्गावर. तिसऱ्यावर फक्त सगळीकडे थांबणाऱ्या लोकल थांबतात, जलद गाडी तिथून धडधडत पुढे जाते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने शाफहाउझेनलाच उतरावं, तिथे सगळ्या थांबतात. शिवाय स्टुटगार्टजवळ ‘नॉयहाउझेन आउफ डेन फिल्डर्न’ नावाचं भलतंच गाव आहे. ॲपमध्ये घाईत टाइप केलं की तेही वर येतं.

बाझेलकडून येणाऱ्यांना आणखी दोन सापळे आहेत. वाटेत ‘राइनफेल्डेन’ लागतं आणि ‘लाउफेनबुर्ग’ लागतं. धबधब्याचं नाव राइनफाल आणि त्याच्या काठावरच्या किल्ल्याचं नाव श्लॉस लाउफेन. झोपेत असलेल्या माणसाने घोषणा ऐकून उठून उतरावं, इतकी ही नावं सारखी आहेत. दोन्ही गावं सुंदर आहेत, पण तिथे धबधबा नाही.

बाझेलमध्येही दोन मोठी स्टेशनं: बाडिशर बानहोफ आणि पुढचं स्विस स्टेशन. डी-तिकीट बाडिशर बानहोफपर्यंतच. फ्रायबुर्गहून येणारी गाडी बरेचदा पुढे जाते. तुम्ही जाऊ नका. उतरा आणि शाफहाउझेनची गाडी धरा, तिला साधारण सव्वा तास लागतो.

तपासा: आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी ॲपमध्ये दुरुस्तीची सूचना आहे का बघा. बाझेल ते शाफहाउझेन मार्गावर विद्युतीकरणाचं काम आहे आणि त्यासाठी काही काळ गाड्या बंद ठेवून बस सोडतात. ‘एसईव्ही’ (SEV, म्हणजे गाडीऐवजी बस) दिसलं की तासभर जास्त धरा, किंवा सरळ दुसरा दिवस.

## टप्पा 5: निघण्याची सकाळ

उशिरात उशिरा साडेदहापर्यंत शाफहाउझेनला पोचायचं, असं उलटं मोजत या. स्टुटगार्टवाल्यांना त्यासाठी सातच्या आसपास निघावं लागतं. अकरानंतर टूरच्या बसगाड्या धबधब्यापाशी रिकाम्या व्हायला लागतात आणि बोटीची रांग वाढते.

निघताना एका माणसाला संदेश टाका: कुठे चाललोय, कुठल्या गाडीने परत, किती वाजेपर्यंत उत्तर आलं नाही तर फोन कर. दिवसभर डेटा बंद राहणार हेही त्यात लिहा, नाहीतर दुपारी तीनलाच घरचे हवालदिल होतात.

झिंगेनला गाडी बदलताना फलाटावरचा फलक वाचा; तिथून कोन्स्टान्झकडेही गाड्या सुटतात. झिंगेन सोडल्यावर गोटमाडिंगेन, बीटिंगेन ही जर्मन स्टेशनं आणि मग थायंगेन. थायंगेन म्हणजे तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये. डी-तिकीट ॲपमध्ये झिंगेनलाच, नेट असताना, एकदा उघडून ठेवा. टीसी आला आणि ॲप ‘कनेक्शन नाही’ म्हणत गोल गोल फिरत राहिलं, तर त्याला तुमची कहाणी ऐकण्यात रस नसतो.

## टप्पा 6: शाफहाउझेन ते पाणी

दोन रस्ते. स्टेशनासमोरून 1 क्रमांकाची बस घ्या, ‘नॉयहाउझेन झेंट्रुम’ला उतरा आणि पाट्या बघत दहा मिनिटं उतार उतरा. तिकीट चढण्याआधी मशीनवर काढा. किंवा नदीकाठाने चालत जा. पाऊण ते एक तास, रस्ता जवळपास सपाट. मी चालतच जा म्हणेन, निदान एका बाजूने. नदी सुरुवातीला इतकी संथ असते की पुढे काही होणार आहे असं वाटत नाही. मग पाण्याचा पोत बदलतो, खडक वर यायला लागतात, आणि धबधबा दिसायच्या बराच आधी ऐकू येतो. बसने आलेल्याला हे मिळत नाही.

## टप्पा 7: धबधब्यापाशी कुठल्या क्रमाने

दोन काठ आहेत. उत्तरेचा काठ, नॉयहाउझेनचा, फुकट आणि मोकळा. तिथे पाण्यालगत श्लोस्ली व्योर्थ नावाचा छोटा वाडा आहे. दक्षिणेचा काठ श्लॉस लाउफेन किल्ल्याचा. तिथल्या पायवाटांना पाच फ्रँकच्या आसपास प्रवेशशुल्क. बरेचजण एकच काठ बघून परततात आणि मग दुसऱ्याचे फोटो बघून चुकचुकतात. दोन्ही बघायचे, पण या क्रमाने:

1. आधी व्योर्थ. इथून संपूर्ण धबधबा समोर दिसतो. दहा मिनिटं नुसते उभे राहा. फोन काढायची घाई नको. पाणी कुठे जात नाही.

2. लगेच खडकाची बोट. धबधब्याच्या मधोमध एक उंच खडक उभा आहे, वर स्विस झेंडा. बोट तुम्हाला त्याच्या पायथ्याशी सोडते आणि अरुंद, उभ्या पायऱ्यांनी वर जाता येतं. खर्च करायचाच असेल तर या एका गोष्टीवर करा. वीस फ्रँकच्या आसपास पडतात. सकाळी रांग छोटी, म्हणून हे आधी.

सावधान: इथून तीन-चार प्रकारच्या बोटी सुटतात आणि तिकीटघर एकच. नुसतं ‘बोटीचं एक तिकीट’ म्हटलंत तर डोह ओलांडणारी स्वस्त फेरी मिळू शकते, ती खडकावर जात नाही. ‘फेल्झनफार्ट’ (खडकाची फेरी) असं स्पष्ट म्हणा. पाणी फार चढलेलं असेल तर खडकाच्या फेऱ्या बंद ठेवतात. तेव्हा वाद घालू नका, पुढच्या पायरीवर जा.

खडकावर पायऱ्या कायम ओल्या असतात. चढताना एक हात कठड्यावर, फोन पिशवीत. वर पोचल्यावर पाय स्थिर करा, मगच फोन काढा. एकट्याने गेलेल्यांचा मोह ठाऊक आहे: फोन कठड्यावर टेकवून टायमर लावायचा. पाण्याच्या आपटण्याने तो कठडा सतत थरथरत असतो, तुम्हाला हाताला जाणवेल. फोन नदीत गेला तर त्याबरोबर तिकीट, नकाशा आणि बँक गेली. शेजारच्या कुटुंबाला विचारा; आधी तुम्ही त्यांचा फोटो काढून द्या, मग तुमचा आपोआप मिळतो.

3. डबा. परत व्योर्थला येऊन, बसून. कोरडा टीशर्ट आत्ता घाला.

4. वरच्या अंगाने पूल. उत्तरेच्या काठाने धबधब्याच्या कडेकडेने वर चढत जा. वर रेल्वेचा दगडी पूल आहे आणि त्याला लागून पायी जायची वाट. फुकट. पुलावरून खालच्या पाण्यात बघा: कोसळायच्या आधी नदी कशी तुकड्या-तुकड्यांत फाटते ते इथूनच दिसतं. पूल ओलांडला की श्लॉस लाउफेन.

5. लाउफेनच्या पायवाटा. तिकीट काढून खाली उतरत जायचं, शेवटी केन्झेली नावाचा सज्जा. इथे पाणी समोर नसतं, शेजारी असतं. हात लांब केला तर लागेल असं वाटतं, आणि आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. रेनकोटची टोपी वर, फोन झिपच्या पिशवीत.

6. डोहाच्या बोटीने परत व्योर्थला. खालच्या धक्क्यावरून काही फ्रँकांत. किंवा आल्या वाटेने पुलावरून चालत. उलट दिशेने फेरी करणाऱ्यांनी, म्हणजे आधी बोटीने लाउफेनला जाणाऱ्यांनी, लक्षात ठेवावं: बोटीचं भाडं आणि तिथलं प्रवेशशुल्क वेगवेगळं आहे.

सगळं मिळून तीन ते चार तास. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीमागे आणि तुषार समोर अशी जागा शोधा. दिवसभरात ती जागा सरकत जाते, म्हणून प्रत्येक सज्जावर एकदा सूर्याकडे पाठ करून बघा.

तपासा: कठड्याला खेटून पाठीवरची पिशवी खाली ठेवू नका. एकट्या माणसाच्या पिशवीवर नजर ठेवायला कोणी नसतं आणि कागद त्यातच असतात. पासपोर्ट पिशवीत नाही, अंगावरच्या झिपच्या खिशात.

काही झालं तर 112 स्वित्झर्लंडमध्येही लागतो. रुग्णवाहिकेचा थेट नंबर 144, पोलिसांचा 117.

## टप्पा 8: परत

शेवटची गाडी ही तुमची गाडी नाही. घरापर्यंत पोचवणारी शेवटची जोडणी शोधा आणि तिच्या दोन गाड्या आधीची पकडायचं ठरवा. पहिली चुकली, दुसरी रद्द झाली, तरी तिसरी हातात राहते. माझी रद्द झाली तेव्हा मी शेवटून दुसरीवर होतो, आणि झिंगेनला पुढची गाडी सुटायला चार मिनिटं उरली असताना फलाट पालटून धावत होतो.

वेळ उरला तर तो शाफहाउझेनमध्ये काढा, धबधब्यापाशी नाही. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर मुनोट नावाचा गोल किल्ला आहे, वर जायला पैसे नाहीत, आणि तिथून स्टेशनकडे परत यायला उतारच आहे. गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनवर हजर.

गाडीत बसल्यावर पासपोर्ट आणि कार्ड वरच्या खिशात काढून ठेवा. थायंगेन गेलं, बीटिंगेन गेलं, गोटमाडिंगेन आलं, तरी रोमिंग चालू करू नका. झिंगेनच्या फलाटावर उतरून वर नेटवर्कचं नाव जर्मन दिसलं की मगच डेटा चालू करा. आणि सकाळी ज्याला संदेश टाकला होता, त्याला आधी कळवा.